टाकीचं कपाट राहू दे

ऑसेट, यॉर्कशर
गुरुवार, १६ ऑक्टोबर २०१४

प्रिय थेल्मा,

तुझं कार्ड मिळालं. चित्र छान आहे. पण फायलीच्या किनाऱ्यावरचे सीगल पक्षी इतक्या जवळून बघायची मला हौस नाही. त्यांच्यातल्याच एकाने माझ्या हातातला तळलेला मासा पळवला होता, आणि तू मदत करायची सोडून बाकावर बसून खिदळत होतीस.

मागचा मजकूरही वाचला. म्यूरिएलच्या शेजारचा फ्लॅट रिकामा होतोय आणि पंधरा नोव्हेंबरपर्यंत तुला हो की नाही ते सांगायचंय. बरं. बहीण भिंतीपलीकडे, खिडकीत समुद्र आणि पायाखालून ऊब. माणसाला आणखी काय हवं? मला काय वाटतं ते तू विचारलेलं नाहीस, म्हणून मीही सांगत नाही.

लिहायचं कारण निराळंच आहे. मी नवा बॉयलर बसवून घेतोय.

खुर्चीत असशील तर नीट बस आणि म्यूरिएललाही धर. हो, मीच. पुढच्या खोलीतल्या शेगडीमागचा आपला जुना बॉयलर आता निवृत्त होणार. त्याचं काही बिघडलेलं नाही. सकाळी दोनचार खोकले काढतो एवढंच, आणि या वयात तेवढं कोण काढत नाही? पण आताशा त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. गेल्या महिन्यात एक वॉशर शोधायला मी वेकफील्डला गेलो, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘‘आजोबा, हे इथे नाही, संग्रहालयात विचारा.’’

तुला ठाऊक आहे तो आर्नल्डने बसवला होता. माझा भाऊ दोन दिवस पालथा पडून काम करत होता आणि मी त्याला पाने-पकडी देत होतो. अठ्ठ्याहत्तर साल. शेवटी शेगडी पेटली तेव्हा आर्नल्ड काजळीने काळाठिक्कर झाला होता आणि तू त्याला तसाच जेवायला बसवलंस. तो गेल्यापासून त्या बॉयलरची घरघर ऐकली की मला वाटायचं, आर्नल्ड पुढच्या खोलीत डुलक्या काढतोय. हे मी तुला कधी बोललो नाही. तू ‘‘बदल, बदल’’ म्हणायचीस आणि मी म्हणायचो, ‘‘स्वेटर घाल.’’

तर आता बदलतोय. शेजारच्या डोरीनने एका बाईचं नाव दिलंय, शेली म्हणून. बाई गॅसची कामं करते. पुढच्या आठवड्यात घर बघायला येईल.

फोन केला असता, पण तुझ्याकडे फोन म्यूरिएल उचलते आणि माझा आवाज ऐकला की ‘‘राँग नंबर’’ म्हणते. चौतीस वर्षं मी या मेव्हणीसाठी नाताळला टर्की कापतोय आणि मी राँग नंबर!

तुझी छाती कशी आहे?

विल्फ

ता. क. अजून हीटिंग लावलेलं नाही. हवा मस्त आहे.


शनिवार, २५ ऑक्टोबर

प्रिय थेल्मा,

शेली येऊन गेली. चाळिशीची असेल, आवाज बाजारात मासे विकणाऱ्या बाईसारखा. दारातून आत आली आणि पहिलं वाक्य हे: ‘‘काका, बाहेरच्यापेक्षा आत जास्त गार आहे की हो! इथे काय मांस टांगून ठेवता का?’’

मी म्हटलं, ‘‘आमच्या घरात पाच नोव्हेंबरच्या आधी हीटिंग लावत नाहीत. गाय फॉक्सच्या रात्रीची गावची शेकोटी पेटली की मग आपली शेगडी. माझ्या आईचा नियम.’’

‘‘आणि आजारी माणूस असेल तर?’’

मी म्हटलं, चहा घेणार का?

तिने घरभर फिरून पाहिलं. बॉयलर आता स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या भिंतीवर येणार. तू जिथे घड्याळ लावलंयस तिथे. घड्याळ मी काढून ठेवलं, काळजी करू नकोस. मग तिने हुकूम सोडायला सुरुवात केली. माळा रिकामा करा, मला पाण्याच्या टाकीपर्यंत सरपटत जायचं नाही, चालत जायचंय. रेडिएटरसमोरचं सामान सरकवा. सिंकखालचं कपाट मोकळं करा. जिन्यावरचा गालिचा गुंडाळून ठेवा. आणि चहाबरोबर ती कोरडी बिस्किटं नकोत, चॉकलेटची आणा. थेल्मा, ती माझ्याशी अगदी तुझ्यासारखी बोलते. मला बरं वाटलं.

नवा बॉयलर एकदम नव्या धर्तीचा. नळ सोडला की तिथल्या तिथे पाणी तापवतो. साठवायचा प्रश्नच नाही. म्हणजे वरच्या कपाटातली गरम पाण्याची टाकी निघणार. शेली म्हणाली, ‘‘ते कपाट तुम्हाला फुकटात मोकळं मिळेल. झाडू ठेवा, इस्त्री ठेवा.’’ मी हो म्हटलं. सगळ्या जगात आता असंच असतं म्हणे.

काम दहा नोव्हेंबरला, सोमवारी. तिला आधी अठरा तारीख हवी होती. मी म्हटलं, दहाच्या पुढे मला चालणार नाही. ‘‘का हो, पाहुणे येणारेत का?’’ म्हणाली. मी म्हटलं, असंच.

तुझी तारीख पंधरा ना? मला लक्षात राहत नाही, म्हणून विचारलं.

डोरीनने पुन्हा विचारलं, थेल्मा कधी येणार. मी नेहमीचं सांगितलं, छाती बरी झाली की. ती म्हणाली, ‘‘दोन हिवाळे झाले रे विल्फ. एवढ्यात लोकांची हृदयं बदलून होतात.’’ तिचं तोंड तुला माहीत आहेच. तरी रविवारी तुझी आठवण काढून माझ्यासाठी भट्टीत फुगवलेलं यॉर्कशर पुडिंग घेऊन आली. भिंतीपलीकडे अडतीस वर्षं राहते, पण आपल्या स्वयंपाकघरात अजून पाहुण्यासारखी उभी राहते. तुझ्या आईचा तो चार खळग्यांचा पुडिंगचा ट्रे तिने नेला आणि परत दिला नाही, हे तू तिला तोंडावर सुनावलंस तेव्हापासून. तिच्या पुडिंगला तुझ्या पुडिंगची सर नाही. मध्यभागी बसकं होतं.

विल्फ


सोमवार, ३ नोव्हेंबर

प्रिय थेल्मा,

माळा साफ केला. पायऱ्यांवरून मी पडलो वगैरे काही डोरीन तुला कळवेल तर विश्वास ठेवू नकोस. मी शेवटच्या दोन पायऱ्या एकदम उतरलो एवढंच. गुडघ्याचं काय, तो आधीपासूनच तसा आहे.

माळ्यावर काय काय निघालं! तंबू. आर्नल्डचा टुबा, तो अजस्र पितळी भोंगा. (तो त्याने आपल्याकडे का ठेवला होता, कुणाला आठवतंय का? बहुतेक त्याच्या आयव्हीने घरातून हाकलला असेल. टुबा म्हणतोय मी.) तुझी शिवणाची दोन मशिनं आणि नाताळची सगळी खोकी. खोक्यांवर तुझ्या अक्षरात ‘नाजूक’ असं लिहिलंय, आणि एका खोक्यावर ‘विल्फने हात लावू नये’. मी हात न लावता कोपराने ढकललं.

आज टाकीचं कपाट रिकामं करायला घेतलं. सकाळी सुरुवात केली, पण अजून संपलेलं नाही. ते कपाट उघडलं की काय होतं ते तुला कसं सांगू. ऊब तोंडावर येते, आणि तिच्याबरोबर तो वास, साबणाचा आणि सुकल्या सुताचा. घरात दुसरीकडे कुठे तो नाही. सगळ्यात वरच्या फळीवर टॉवेल, मधल्या फळीवर चादरी, आणि टाकीच्या डोक्यावर नेहमीसारखे माझे पायजमे. पूर्वी रात्रपाळीवरून मी पहाटे थिजून यायचो तेव्हा तू तिथूनच गरम पायजमा काढून माझ्या अंगावर फेकायचीस आणि डोळे न उघडता पुन्हा झोपायचीस. बस डेपोतल्या कुणाला इतकी ऐश नव्हती. पाव फुगवायला ठेवायचीस तोही तिथेच. मांजरीने पिल्लं घातली तीही तिथेच, माझ्या रविवारच्या शर्टावर.

तुझा निळा गाऊनही तिथे होता. तू न्यायला विसरली असशील.

डोरीन चादरी उचलायला मदतीला आली होती. गाऊन हातात घेऊन म्हणाली, ‘‘हा तर धुतलेला दिसतोय. ताजा.’’ मी म्हटलं, टाकीच्या उबेने कपडा ताजा राहतो. तिने त्याची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. मला तेच जास्त झोंबलं.

शेलीला आज फोन करून विचारलं की टाकी गेली की कपडे उबवायचे कुठे. म्हणाली, ‘‘ड्रायर घ्या काका. नाहीतर रेडिएटरवर टाका. आता उबवत कोण बसतं?’’

तेही खरंच. पुढे जायला हवं.

बुधवारी क्रिकेटच्या मैदानावर शेकोटी आहे. मी आल्याचा केक विकत आणलाय. तो घशाला चिकटतो. तू करतेस तो आधी आठवडाभर डब्यात मुरवायचीस, नाही का? सांग मला. म्हणजे लिहून पाठव असं नाही.

विल्फ

ता. क. अक्षर वाकडं आलंय कारण पेन नवं आहे. हातमोजे घालून लिहीत नाहीये.


सोमवार, १० नोव्हेंबर

थेल्मा,

हे पत्र आजच्या आज पेटीत टाकायचंय, म्हणून आधी मुद्द्याचं लिहितो. थांब. फ्लॅटला हो म्हणू नकोस. निदान मी लिहिलंय ते सगळं वाचून होईपर्यंत म्हणू नकोस.

आता काय झालं ते सांगतो.

शेली वेळेवर आली. मी चॉकलेटची बिस्किटं मांडून ठेवली होती. तिने आधी पुढच्या खोलीतली शेगडी काढली, मग मागचा बॉयलर सोडवला. आर्नल्डने आवळलेले नट काही केल्या सुटेनात. ‘‘कोणी बसवला हा? दैत्य होता का?’’ शेली ओरडत होती, आणि मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू. शेवटी बॉयलर निघाला. त्याच्या खाली, विटांवर, एक काळा सपाट पत्रा होता. बॉयलर डुगडुगू नये म्हणून आर्नल्डने घातलेला. शेलीने तो माझ्या हातात दिला. मी फडक्याने पुसला तर त्यावर चार खळगे. अर्धवट ठोकून सपाट केलेले. कडेला तुझ्या आईच्या नावाची अक्षरं, तिने खिळ्याने कोरलेली.

तुझ्या आईचा पुडिंगचा ट्रे, थेल्मा! डोरीनने कधी नेलाच नव्हता. माझा भाऊ तुझ्या स्वयंपाकघरातून हाताला लागलं ते घेऊन गेला, आणि नंतर तुम्हा दोघींचं भांडण पेटलं तेव्हा मूग गिळून बसला. वर तुझ्याच हातचं जेवून गेला.

मी तसाच शेजारी गेलो. डोरीनने ट्रे पाहिला. आधी तिला काही उमगेना. उमगलं तेव्हा ती दाराच्या पायरीवरच बसली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग त्यातलं काही पाणी नुसतं हसण्याचं राहिलं नाही. ‘‘छत्तीस वर्षं!’’ म्हणाली. ‘‘चॅपलमध्ये मी कुणाचं भांडं धुवायला घेतलं की तुझी बायको माझ्या हाताकडे बघायची.’’ मी म्हटलं, थेल्माला लिहून माफी मागायला सांगतो. तर तिने मला थांबवलं. ‘‘माफी मी पोस्टाने घेणार नाही. तिने इथे यायचं, या पायरीवर उभं राहायचं आणि तोंडाने मागायची. तोवर ट्रे माझ्याकडे.’’ तो तिने आपल्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय.

म्हणजे आता तुला यावं लागणार, असं मी मनात म्हणत घरी आलो. तोवर शेली वर पोचली होती. टाकीच्या कपाटासमोर गुडघ्यावर बसून तिने पाइप कापायचं हत्यार लावलं होतं. मी जिना कसा चढलो ते माझ्या गुडघ्याला विचार. मी तिच्या आणि टाकीच्या मध्ये उभा राहिलो.

‘‘टाकी राहू दे,’’ मी म्हटलं.

‘‘काका, नव्या बॉयलरला टाकी लागत नाही.’’

‘‘बॉयलरला लागत नसेल. माझ्या बायकोला लागते.’’

‘‘काकू इथे राहतात?’’

मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, ‘‘ती बाहेरगावी आहे.’’

तिने हत्यार खाली ठेवलं. मग मला समजावून सांगितलं की टाकी ठेवायची तर वेगळ्या जातीचा बॉयलर लागेल. तो सतराच्या आधी मिळणार नाही. आर्नल्डचा तर नळ्या कापून तिच्या गाडीत गेला, तो काही परत जोडता येणार नाही. ‘‘म्हणजे आठवडाभर तुमच्याकडे ना हीटिंग ना गरम पाणी. नीट विचार करा. आत्ता हो म्हणालात तर आज संध्याकाळी घर उबदार.’’

मी विचार केला, थेल्मा. आज संध्याकाळी घर उबदार झालं असतं आणि पंधराच्या आत मी तुला तसं कळवलं असतं. दहा तारखेचा हट्ट मी त्यासाठीच धरला होता. तुला ते एव्हाना कळलंच असेल. पण तू आली असतीस, वर गेली असतीस, ते कपाट उघडलं असतंस आणि आत थंडगार झाडू असता. तसल्या घरात मी तुला कशाला बोलावू? मी शेलीला सांगितलं, सतराला ये.

आता मी नुसतं सांगतोय, आडून आडून नाही. तुझा गाऊन मी दर पंधरा दिवसांनी धुतो. धुतो आणि टाकीवर ठेवतो. तू अचानक एखाद्या रात्री आलीस तर तो गरम असावा म्हणून. मला तू हवी आहेस. तुझा खोकला, तुझं ‘‘विल्फ, पाय पूस’’, सगळं. माझं म्हणणं तू विचारलं नव्हतंस, तरी हे माझं म्हणणं.

तुझी तारीख शनिवारी आहे आणि बॉयलर सोमवारी. मधले दोन दिवस माझ्यासाठी थांबशील का? घर गरम झाल्याशिवाय येऊ नकोस, तुझ्या छातीला ते सोसणार नाही. फक्त फ्लॅटला नाही म्हण.

डोरीनने गरम पाण्याची पिशवी दिलीय, ती कोटाच्या आत धरून बसलोय. दोन स्वेटर घातलेत. उपयोग नाही.

थेल्मा, मला थंडी वाजतेय.

तुझा
विल्फ


मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय थेल्मा,

तुझं कार्ड शनिवारी आलं. पुन्हा सीगल. फायलीत दुसरी कार्डं मिळत नाहीत का?

‘फ्लॅटला नाही कळवलं. तुझ्यामुळे नव्हे. समुद्राचा वारा छातीला बाधतो. गुरुवारी येतेय. स्टेशनवर येऊ नकोस, मला माझं घर माहीत आहे. डोरीनला ट्रेचं काही बोलू नकोस, मी बघते.’

‘माझं घर’ हे दोन शब्द मी बऱ्याच वेळा वाचले. मग कार्ड घड्याळामागे ठेवलं. डोरीनचं म्हणशील तर उशीर झालाय, तिला सगळं माहीत आहे आणि ती वाट बघतेय. काल तिने आपली पायरी घासून पांढरी केली. तू काय म्हणणार ते मला सांगू नकोस, पण मी पडद्याआडून बघणार आहे.

सोमवारी शेलीने बॉयलर बसवला. भिंतीवरचं पांढरं खोकं, आवाज जवळजवळ नाहीच. पहिल्यांदा पेटला तेव्हा मी कान लावून ऐकलं. आर्नल्ड त्यात नाही. वाईट वाटलं, पण वाटलं होतं तितकं नाही. त्याच्या बॉयलरचा एक नट शेलीने मला ठेवून दिला. तो खिडकीत ठेवलाय. आणि ‘‘आर्नल्ड असता तर त्याने मला इतके दिवस गारठवलं नसतं’’ असं तू म्हणशील, तेही ऐकून घेईन.

टाकी पूर्वीच्याच जागी आहे. शेलीने तिला नवं जाड पांघरूण घालायचं म्हटलं, मी नको म्हटलं. ऊब टाकीतच राहिली तर कपाटाला काय? चादरी, टॉवेल सगळं परत रचलंय. तुझ्या पद्धतीने नसेल. येऊन ओरड.

मग शेलीने विचारलं, तापमानाची चकती कुठे लावू. तिच्या मापाने ती माझ्या डोळ्यांसमोर आली असती. मी म्हटलं, खाली. ‘‘किती खाली?’’ मी भिंतीला लागून उभा राहिलो आणि शर्टाच्या तिसऱ्या बटणावर बोट ठेवलं. ‘‘इथे.’’

‘‘एवढ्या खाली कोण लावतं, काका? तुम्हाला दरवेळी वाकावं लागेल.’’

‘‘मला कशाला लागेल? ती वापरणारी तेवढीच आहे.’’

शेलीने एकवीसवर लावून दिली. कमी कसं करायचं ते दाखवायला लागली, तेव्हा मी तिला चहाला आधण ठेवायला आत गेलो. ते शिकायची मला गरज नाही. जाताना ती म्हणाली, ‘‘काकूंना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना सांगा, त्यांच्या कपाटासाठी तुम्ही माझ्या हत्यारासमोर उभे राहिलात.’’ सांगितलं.

काल संध्याकाळपासून हीटिंग चालू आहे. सगळ्या खोल्यांत. तुझ्या खुर्चीच्या कुशनवर मी हात ठेवून पाहिला, कुशनसुद्धा गरम. डोरीन आत आली, कोट काढला आणि पहिल्यांदाच न विचारता बसली. मी दोन्ही स्वेटर काढलेत, बाह्या सरसावल्यात. नोव्हेंबरात! आई असती तर तिने मला घरातून हाकललं असतं.

चकतीला मी हात लावत नाही. गुरुवारी तू आलीस की तू ठरव.

लवकर ये. मला उकडतंय.

तुझा
विल्फ